स्थळवर्णनाची सचोटी

कथा, कविता, कादंबरी आणि नाटक यांची समीक्षा आपल्याकडे नेमाने होते. प्रवासवर्णनाच्या वाट्यालाही ती अधूनमधून येते. परंतु ज्या लेखनावर भरवसा ठेवून आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे दरवर्षी मुलाबाळांसह घराबाहेर पडतात, त्या सहलमार्गदर्शनपर लेखनाकडे समीक्षक सहसा फिरकत नाहीत. ते किरकोळ, उपयोगापुरते आणि क्षणभंगुर मानले जाते. वस्तुतः कादंबरी फसली तर वाचकाचे चार तास वाया जातात. एका दिवसाच्या डोंगरसहलीचे वर्णन फसले तर कुणाचा पाय मोडतो आणि कुणाचे घर उजाड होते. ज्या लेखनाचा परिणाम इतका प्रत्यक्ष असतो, त्याची पारख करणे हे समीक्षेला कमीपणाचे नाही. ती पारख येथे करावयाची आहे आणि तिच्यासाठी जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव आणि त्याच्या उत्तरेस पसरलेली अजिंठ्याची डोंगररांग मी समोर ठेवणार आहे.

पावसाळा तोंडावर आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्या, सहलविशेषांक आणि आता मोबाईलवरील चित्रफिती यांतून 'एका दिवसात पाहता येतील अशी ठिकाणे' आपल्या दारी येऊन उभी राहतात. त्यांची भाषा एव्हाना पाठ झाली आहे. कडा 'नयनरम्य' असतो, धबधबा 'फेसाळता' असतो, परिसर 'निसर्गाच्या कुशीत' वसलेला असतो आणि दृश्य 'डोळ्यांचे पारणे फेडणारे' असते. या वर्णनांना एक साधी कसोटी लावावी. स्थळाचे नाव हाताने झाकावे आणि उरलेला मजकूर वाचावा. तो आंबोलीला, माळशेजला, चिखलदऱ्याला आणि अजिंठ्यालाही सारखाच लागू पडत असेल, तर लेखकाने त्या स्थळाविषयी काहीच सांगितले नाही असे समजावे. विशेषणे स्थळाला चिकटली नाहीत, ती त्याच्यावरून ओघळून गेली.

मराठी गद्याला हे अपयश जन्मजात आहे असे मात्र नाही. आपल्या भाषेतील अगदी आरंभीच्या गद्यग्रंथांत एक ग्रंथ असा आहे की ज्याचा विषयच मुळी 'स्थळ' हा आहे. महानुभाव पंथातील 'स्थानपोथी' हा चौदाव्या शतकातील ग्रंथ मुनिव्यासांच्या नावाने ओळखला जातो आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे तो आधुनिक वाचकाच्या हाती आला. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, निजले, ती ती स्थाने पुढच्या अनुयायांना अचूक सापडावीत, हा त्याचा हेतू. म्हणून तो ग्रंथ देवळाचे दार कोणत्या दिशेस आहे हे सांगतो, नदी कोणत्या अंगास आहे हे सांगतो, अमुक स्थान तमुक स्थानाच्या कोणत्या बाजूला आहे हे सांगतो. देहधर्माच्या जागाही त्याने नोंदवल्या आहेत. श्रद्धेने भारलेला माणूस इतका काटेकोर लिहू शकतो, ही गोष्ट आपण ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच्या भक्तीने त्याला अधिक नेमके बनवले, कारण त्याला खरोखरच कुणाला तरी त्या जागी नेऊन पोहोचवायचे होते. आजच्या सहलपुरवणीला वाचकाला नेऊन पोहोचवायचे नसते. तिला पान भरायचे असते. सबंध दिवसाच्या सहलीत स्त्रियांनी आणि वृद्धांनी देहधर्मासाठी कोठे जावे, हा प्रश्न सहाशे वर्षांपूर्वीच्या पोथीला वर्ज्य नव्हता आणि आजच्या रंगीत पुरवणीला मात्र तो सुचतही नाही!

हे उदाहरण आणखी एका कारणाने येथे प्रस्तुत ठरते. महानुभावांचे 'जाळीचा देव' हे क्षेत्र याच भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगरात आहे. वाघांचा वावर असलेल्या दाट जाळीत चक्रधरस्वामी जाऊन राहिले, अशी तेथली श्रद्धा आहे. म्हणजे ज्या डोंगराच्या सहलींविषयी आपण बोलत आहोत, त्या डोंगराकडे स्थळाचा अचूक निर्देश करण्याची परंपरा पाहुणी म्हणून आलेली नाही. ती तेथलीच आहे.

त्याहूनही जुना साक्षीदार परदेशी आहे. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या चिनी यात्रिक ह्युएनत्संगाने या देशाच्या पूर्वसीमेवरील एका पर्वताचे आणि तेथील विहाराचे वर्णन केले आहे; ते अजिंठ्याचे असावे असे अभ्यासक सामान्यतः मानतात. तो स्वतः तेथवर गेला होता की नाही हा विद्वानांचा वाद आपण बाजूला ठेवू. लक्ष देण्याजोगा आहे तो त्याच्या वर्णनाचा क्रम. आधी एकामागून एक उभ्या डोंगरओळी, मग तुटलेले कडे, मग काळोखी दरी आणि शेवटी त्या दरीतला विहार. म्हणजे वाचक त्याच्याबरोबर चालत चालत लेण्यांपाशी येतो. आज अजिंठ्यावर लिहिणारे बहुतेक लेखक वाचकाला थेट पहिल्या लेण्याच्या दाराशी उतरवतात आणि तिसाव्याशी निरोप देतात. ज्या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या दरीने या लेण्यांना जागा दिली, वाघूर नदीने जो कडा शतकानुशतके कापून काढला, त्या दरीला त्यांच्या लेखात एक ओळही मिळत नाही. चित्रकलेचा हा गौरव योग्यच आहे. परंतु दरी गाळून लेणी सांगणे म्हणजे चौकट गाळून चित्र सांगण्यासारखे आहे.

आधुनिक काळात या दरीला पहिला प्रेक्षक मिळाला तोही समोरच्या कड्यावरून. २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि स्वतःचे नाव मद्रास फौजेतील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात कोरून ठेवले. शिकारीसाठी आलेल्या या माणसाला पलीकडच्या माथ्यावरून लेण्याची कमान दिसली, असे सांगितले जाते. तो माथा आज 'व्ह्यू पॉइंट' या नावाने ओळखला जातो. ऐतिहासिक स्मारकावर नाव कोरण्याचा त्याचा वाईट पायंडा आपल्याकडील सहलकरूंनी फार निष्ठेने चालवला, हे दुःखाने म्हणावे लागते. पण त्या तारखेत समीक्षकाला उपयोगी असा एक धडा आहे. एप्रिलअखेर म्हणजे भर उन्हाळा. त्या दिवसांत दरीच्या वरच्या टोकाशी असलेला सातकुंडाचा धबधबा आटलेला असतो आणि झाडे निष्पर्ण असतात. स्मिथला कमान दिसली त्याला ही निष्पर्णता कारण झाली असेल. जुलैच्या धुक्यात तो त्याच जागी उभा असता, तर कदाचित त्याला ढगावाचून काही दिसलेही नसते.

येथे सहलमार्गदर्शनातील सर्वांत मोठी तार्किक चूक उघडी पडते. या याद्या 'कडा' आणि 'धबधबा' ही दोन्ही सुखे एकाच दिवसाच्या पदरात टाकतात. प्रत्यक्षात धबधबा भरात असतो तेव्हा आभाळ खाली आलेले असते, आणि हवा निवळून दूरवरचे दिसू लागते तेव्हा धबधब्याची धार बारीक झालेली असते. छायाचित्रकाराला दोन्ही गोष्टी एका चौकटीत साधतात, कारण तो चार वेळा जातो आणि त्यांतील एक क्षण छापतो. आपण एकदाच जाणार असतो. तेव्हा घरातून निघण्यापूर्वीच ठरवावे की आज पाणी पाहायचे आहे की पल्ला पाहायचा आहे. पाण्यासाठी पावसाची सलग झड ओसरल्यानंतरचा दिवस बरा. पल्ल्यासाठी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर बरे. ज्या वर्णनात हा विवेक नाही, ते वर्णन कितीही सुंदर असले तरी खोटे आहे.

दुसरी चूक हवामानाची आहे. आपल्याकडील सहलींच्या याद्या पुण्यामुंबईच्या अंगणातून लिहिल्या जातात आणि मराठवाड्यात जशाच्या तशा वाचल्या जातात. महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जालना जिल्ह्याची सरासरी सुमारे सातशेच्या आसपास. सह्याद्रीतला धबधबा जून ते सप्टेंबर अखंड कोसळत असेल, अजिंठ्याच्या रांगेतला तसा कोसळत नाही. तो पावसाच्या सरीबरोबर जागा होतो आणि उघडीप मिळाली की मंदावतो. शिवाय मराठवाड्यात सप्टेंबरचा पाऊस महत्त्वाचा. म्हणून जुलैत कोरडा आढळलेला ओहळ सप्टेंबरात गर्जताना दिसू शकतो. 'पावसाळ्यात अवश्य भेट द्या' या चार शब्दांत यांतले काहीच येत नाही.

तिसरी चूक भूगोलाची, आणि पिंपळगाव रेणुकाईच्या वाचकाला तीच सर्वांत महत्त्वाची आहे. अजिंठ्याची रांग ही गोदावरी आणि तापी या दोन खोऱ्यांमधील पाणलोटाची सीमा. दक्षिणेकडील पाणी केळणा, पूर्णा अशा नद्यांतून गोदावरीला जाते. उत्तरेकडील वाघूर तापीला मिळते. दक्षिणेकडून, म्हणजे भोकरदनच्या बाजूने, जमीन हळूहळू चढत जाते आणि डोंगर चढल्याची जाणीवच होत नाही. मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव, त्याची शेते, त्याचे माळ, सारे पठारावरचे. आणि मग उत्तरेस अकस्मात पायाखालची भुई संपते. याचा अर्थ असा की पश्चिमेच्या गडांवर माणूस सकाळी ताज्या दमाने चढतो आणि संध्याकाळी उतरतो. येथे मात्र सकाळी हसत खेळत उतरतो आणि उन्हे डोक्यावर आली असता, पोट भरलेले आणि पाणी संपलेले असता, त्याला चढावे लागते. धाप लागते ती परतीला. ज्यांच्या घरात गुडघेदुखीची आजी आणि पाच वर्षांचा नातू आहे, त्यांना हे एक वाक्य दहा विशेषणांहून मोलाचे आहे. मी पाहिलेल्या एकाही पुरवणीत ते आढळलेले नाही.

चांगले लेखन मराठीत झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'ने दोन पिढ्यांना डोंगराचे वेड लावले. त्यांच्या गद्यात चालणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. गड हा त्यांना पाहण्याची वस्तू वाटत नाही, भेटण्याची व्यक्ती वाटते. आनंद पाळंदे यांची 'डोंगरयात्रा' आणि हरीश कपाडिया यांचे सह्याद्रीविषयीचे इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक यांनी दुसरी बाजू सांभाळली. वाट, पाणी, मुक्काम यांची कोरडी पण विश्वासार्ह माहिती दिली. एकाने ओढ दिली, दुसऱ्यांनी शिस्त दिली. आजच्या याद्यांनी पहिल्याची भाषा अर्धवट उचलली आणि दुसऱ्यांची शिस्त साफ सोडून दिली. गोनीदांच्या विशेषणामागे पायपीट होती. यादीतल्या विशेषणामागे दुसरी यादी असते. तथापि या थोर लेखकांविषयीही एक तक्रार नोंदवावीशी वाटते. त्यांचा डोंगर मुख्यतः सह्याद्रीच्या धारेवरचा आहे. अजिंठा, गौताळा, पाटणादेवी, पितळखोरे ही पूर्वेकडे गेलेली शाखा मराठी भटक्यांच्या कल्पनाविश्वात कायम वळचणीलाच राहिली. तिच्यावर प्रेमाने लिहिणारा ना. धों. महानोरांसारखा कवी याच मातीत, पळसखेड्यास झाला. त्यांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्याने गिल आणि पारो यांच्या कथेबरोबर या डोंगरालाही कवितेत आणले. पण काव्य हे वाटाड्याचे काम करीत नाही आणि त्याने ते करावे अशी अपेक्षाही नाही. गद्याची जागा रिकामीच राहिली.

आता सर्वांत गंभीर मुद्द्याकडे वळतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. एकमेकांना धरून पाण्याच्या मधोमध उभे असलेले ते कुटुंब साऱ्या महाराष्ट्राने चित्रफितीत पाहिले. पुढील वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. या घटनांनंतर प्रशासनाने बंदीहुकूम काढले, वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले आणि पर्यटकांच्या बेपर्वाईवर बोट ठेवले. बेपर्वाई असते हे खरे. परंतु त्या कुटुंबांना वाटेल तेव्हा, वाटेल तसे तेथे जाण्याचे आमंत्रण ज्या लेखनाने वर्षानुवर्षे दिले, त्याच्या जबाबदारीविषयी कुणी बोलले नाही. पुरवणीच्या एका पानावर 'फेसाळत्या धबधब्यात चिंब व्हा' असे छापायचे आणि दुसऱ्या पानावर चिंब होणाऱ्यांना मूर्ख ठरवायचे, हे सचोटीचे लक्षण नव्हे.

डोंगरातील ओहळाचे गणित सांगण्यास फार जागा लागत नाही. बेसाल्टच्या खडकात पाणी फारसे मुरत नाही. माथ्यावर पडलेली जोराची सर काही मिनिटांत कड्याशी येते. आपल्या डोक्यावर ऊन असते आणि दोन मैलांवर ढग फुटलेला असतो. पाणी अचानक गढूळ होणे, त्यात काटक्या आणि पाला वाहून येणे, आवाज बदलणे यांपैकी एक जरी खूण जाणवली तरी बोलत न बसता काठावर, उंच जागी यावे. गुडघाभर पाण्याचा वेगही मोठ्या माणसाला पाडतो. शेवाळलेल्या खडकावर नवे बूटही टिकत नाहीत. आणि कड्याच्या टोकाशी पावसाळ्यात जे हिरवे गवत दिसते, त्याच्याखाली खडक असेलच असे नाही. भिजलेली माती माणसासकट खाली जाते. या पाचसहा वाक्यांना यादीत जागा मिळाली असती, तर एखादे छायाचित्र कमी झाले असते इतकेच.

यादीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. जो माणूस आठवडाभर दुकानात, शाळेत किंवा शेतात राबतो, त्याला स्थानपोथी वाचायला वेळ नसतो. त्याला रविवार असतो, आणि त्या रविवारी मुलांना कोठे न्यावे या प्रश्नाचे चटकन उत्तर हवे असते. यादी ते उत्तर देते. यादीमुळेच अनेक कुटुंबे प्रथमच डोंगर पाहतात, आणि डोंगर पाहिलेले मूल न पाहिलेल्या मुलाहून श्रीमंत असते यात शंका नाही. हे सारे मान्य. माझा आक्षेप यादीच्या छोटेपणावर नाही. स्थानपोथीच्या नोंदीही छोट्याच आहेत. आक्षेप आहे तो जागा कमी असताना ती कशाला दिली जाते यावर. 'मनमोहक' हा शब्द जेवढी जागा घेतो, तेवढ्याच जागेत 'सोमवारी बंद' हे शब्द बसतात.

आणखी एक उणीव शिष्टाचाराची. जाळीचा देव हे जागते तीर्थ आहे. अजिंठा हे बौद्धांचे पवित्र स्थान आहे आणि १९८३ पासून जागतिक वारसास्थळही. यादी या दोहोंना 'पिकनिक स्पॉट' या एकाच खान्यात टाकते. आपल्या चर्चच्या आवारात कुणी ध्वनिक्षेपक लावून नाचू लागले, तर आपल्याला काय वाटेल? तेच तेथल्या भाविकाला वाटते. स्थळाचे वर्णन करताना ते कुणाचे आहे हे सांगणे हा वर्णनाचाच भाग आहे.

केवळ दोष दाखवून थांबणे समीक्षकाला शोभत नाही, म्हणून पिंपळगाव रेणुकाईहून निघणाऱ्या कुटुंबासाठी एक नोंद नमुन्यादाखल देतो. ती अशी:

'अजिंठा, व्ह्यू पॉइंट. अजिंठा गावाच्या अंगाने पठारावरून वाहन माथ्याच्या जवळ जाते. माथ्यावर सावली नाही; टोपी आणि पाणी घरून आणावे. समोर दरीच्या पलीकडे लेण्यांची रांग संपूर्ण दिसते. पावसाळ्यात दरीच्या वरच्या टोकाशी सातकुंडाचे पाणी पडताना दिसते. ज्यांना चालवत नाही त्यांनी येथेच थांबावे. सहल येथेही पुरी होते. खाली लेण्यांपर्यंत पायऱ्यांची वाट आहे. उतरणे सोपे, परत चढणे कष्टाचे. चढायचे नसेल तर वाहन अजिंठा घाटाने फर्दापूरला पाठवावे आणि लेण्यांपासून तेथवर बसने यावे. पाऊस चालू असता पायऱ्या उतरू नयेत. लेणी पाहण्यास तिकीट लागते. लेणी सोमवारी बंद असतात. मिस्सा आटोपून दहाला निघणाऱ्यांनी केवळ माथा पाहण्याचा बेत करावा. लेणी, दरी आणि माथा एका दुपारीत होत नाहीत.'

या नोंदीत एकही विशेषण भुलवणारे नाही, तरी ती वाचून एखाद्याला निघावेसे वाटेल अशी माझी समजूत आहे. पाण्याचा मोह असलेल्यांनी पाटणादेवीचे केदारकुंड आणि धवलतीर्थ यांचीही अशीच नोंद तयार करावी. पावसाळ्याबाहेर जाणाऱ्यांनी लोणारची. तेथे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराच्या काठावरून अखंड पल्ला दिसतो आणि गोमुखाची धार बारमाही वाहते, म्हणून कडा आणि पाणी ही दोन सुखे एका दिवशी देणारे ते विरळा स्थळ आहे.

हे काम पुरवण्यांवर सोपवून चालणार नाही. प्रत्येक धर्मग्रामातील युवकांनी सहलीहून परतल्यावर छायाचित्रांबरोबर अशी एकेक नोंद लिहून ठेवावी: कोणत्या महिन्यात गेलो, किती वाजता पोहोचलो, पाणी कोठे मिळाले, कोण कोठे थकले, परतीला किती वेळ लागला. चार वर्षांत एक वही भरेल. ती छापली जावो वा न जावो, पुढच्या वर्षी जो बाप आपल्या मुलाचा हात धरून कड्याकडे निघेल, त्याच्या हाती ती असावी.